हातातले चाक
[नभोवाणीवरील भाषण]

गणपती जवळ आले की महाड-पोलादपूरकडच्या गावांत दोन आवाज हमखास ऐकू येऊ लागतात. एक मृदंगाच्या सरावाचा आणि दुसरा लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरचा. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त राहणारी मंडळी या दिवसांत घरी यावयाची असतात. ती येण्यापूर्वी फाटक बसावयास हवे, खिडक्यांना जाळ्या लागावयास हव्यात, पडवीवर पत्रा चढावयास हवा. मुंबईहून दूरध्वनीवर दूरध्वनी होतात, "चतुर्थीच्या आत काम झालेच पाहिजे" असे बजावले जाते, आणि इकडे पावसाच्या सरींत, एका पायाखाली लोखंडी पट्टी दाबून, उघड्या डोळ्यांनी एखादा पोरसवदा कारागीर ठिणग्यांचा फवारा उडवीत असतो. आपण तो फवारा कौतुकाने पाहतो. त्या ठिणग्यांविषयी आणि त्या उडविणाऱ्या हातांविषयी आज मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा विषय कारखानदारांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. पूर्वी तसे म्हणता आले असते. घासणीचे चाक तेव्हा कारखान्याच्या कोपऱ्यात, जमिनीत पक्के रोवलेल्या बैठकीवर फिरत असे. कामाची वस्तू त्याच्यापाशी न्यावी लागे. चाकच हातात घेऊन वस्तूपाशी जाण्याची सोय पुढे झाली. आज आपण पाहतो त्या तऱ्हेचा वेगवान ग्राइंडर १९५४ साली जर्मनीतील स्टाइनहाइम येथील एका कंपनीने बाजारात आणला. तिच्या 'फ्लेक्स' या नावावरून जर्मन भाषेत त्या कामास क्रियापदच रूढ झाले. आपल्याकडे घासणीची चाके घडविण्याचा उद्योग तर त्याहूनही जुना आहे. १९४१ साली ग्राइंडवेल कंपनीने तो सुरू केला, आणि तोही याच जिल्ह्यात, उरणजवळच्या मोरा येथे. तेव्हा रायगड जिल्ह्यास हे चाक नवखे नाही. नवी आहे ती त्याची सर्वत्र संचार करण्याची शक्ती. दीड-दोन किलो वजनाचे हे यंत्र पिशवीत घालून कारागीर आपल्या अंगणात येतो. ज्या क्षणी तो त्याची पिन आपल्या घरातील विजेच्या बटणाशी जोडतो, त्या क्षणी आपले अंगण हाच कारखाना होतो.

प्रथम या चाकाचा स्वभाव समजून घेऊ. कारागीर त्यास 'डिस्क' म्हणतात, कोणी 'ब्लेड' म्हणतात. परंतु ते पोलादी पाते नव्हे. अतिशय कठीण अशा खनिजाचे बारीक कण राळेसारख्या द्रव्याने एकमेकांना चिकटवून, मध्ये काचतंतूंची जाळी घालून ते बनविलेले असते. म्हणजे ते एक प्रकारे चिकटवलेल्या वाळूची पापडीच होय. चार इंची ग्राइंडरवर ही पापडी मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते. त्या गतीने चाकाची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. चाकाच्या कणाकणाला बाहेर फेकले जावयाचे असते. त्यास धरून ठेवणारी शक्ती काय ती त्या राळेची आणि त्या जाळीची. ही गोष्ट एकदा मनात ठसली म्हणजे पुढचे बहुतेक नियम आपोआप सुचू लागतात.

पहिला नियम चाकाच्या मापाचा. प्रत्येक चाकावर त्याची कमाल गती छापलेली असते. चाके बहुधा सेकंदाला ८० मीटर एवढा वेग सोसण्याकरिता केलेली असतात. आता मोठ्या ग्राइंडरचे सात इंची चाक घ्या. त्याचे यंत्र मुळातच सावकाश फिरणारे असते. तेच चाक गार्ड काढून चार इंची यंत्रावर चढविले, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. वेग सव्वापट झाला तर ताण सव्वापटच वाढतो असे नव्हे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे येथे दीडपटीहून अधिक होतो. असे चाक फुटले तर त्यात नवल नाही. ते फुटत नाही तोवर नवल. याहून वाईट खोड म्हणजे लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरवर बसविणे. ते लाकडात अडकले की दोन हातांच्या पकडीलाही जुमानत नाही.

दुसरा नियम गार्डाचा. चाकाच्या पाठीमागे जे अर्धगोल पत्र्याचे कवच असते त्यास गार्ड म्हणतात. चाक फुटलेच तर त्याचे तुकडे कारागिराकडे न येता दुसरीकडे जावेत, एवढ्याचसाठी त्याची योजना असते. एकदा एका कारागिरास मी विचारले, "दादा, गार्ड कुठे आहे?" तो हसून म्हणाला, "साहेब, गार्ड लावला की कोपऱ्यात चाक पोचत नाही. आणि काम तर आजच पाहिजे ना?" त्याच्या उत्तरात सारे दुखणे आले. गार्ड तो अज्ञानाने काढीत नाही. तो घाईने काढतो, आणि पुष्कळदा ती घाई त्याची नसते, आपली असते.

तिसरी गोष्ट उलट झटक्याची. लाकूड कापताना फटीची दोन्ही तोंडे मिटली की करवत अडकते, हे आपण पाहिले असेल. चाकाचेही तसेच होते. मात्र करवत थांबते आणि ग्राइंडर थांबत नाही. चाक अडकले की त्याची सारी गती यंत्रात शिरते आणि यंत्र उसळून कारागिराच्या मांडीवर, छातीवर वा तोंडावर येते. म्हणून कापावयाची पट्टी शिकंज्यात धरावी, पायाखाली नव्हे. आणि कापला जाणारा तुकडा मोकळा खाली पडेल, फट मिटणार नाही, अशा बेताने तिला टेकू द्यावा. यंत्राची बाजूची मूठ लावलेली असावी आणि दोन्ही हात यंत्रावर असावेत. चाकाच्या रेषेत स्वतः उभे राहू नये, दुसऱ्यासही उभे राहू देऊ नये. नवे चाक चढविल्यावर, तोंड मोकळ्या बाजूस करून, ते मिनिटभर नुसते फिरवून पाहावे. सदोष चाक बहुधा एवढ्यातच आपला दोष सांगते. कापण्याच्या पातळ चाकाच्या बाजूने घासू नये, कारण बाजूचा दाब सोसण्याकरिता ते केलेले नसते. चाक बदलताना केवळ बटण बंद करून भागत नाही, पिन काढावयास हवी.

चौथी गोष्ट वेषाची. गळ्यातला पंचा, लोंबती बाही, सैल सुती हातमोजा, गळ्यातील माळ या साऱ्यांना ते चाक आपल्याकडे ओढून घेते. हातमोजे घालावयाचे तर चामड्याचे, हातास बसतील असे असावेत. डोळ्यांकरिता दोन्ही बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि तोंडासमोर पारदर्शक ढाल, अशी दोन्ही साधने हवीत. ढालीच्या कडेने कण आत येतो आणि नुसत्या चष्म्याने गाल वाचत नाही. नेहमीचा वाचण्याचा चष्मा यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाही. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानांसही बोळे हवेत. कानांचे नुकसान एका दिवसात दिसत नाही म्हणून ते होत नाही असे नव्हे.

इथवर सांगितले ते कोठेही लागू पडेल. परंतु धोक्यालाही मुलूख असतो, आणि महाड-पोलादपूरच्या मुलखाच्या काही गोष्टी निराळ्या आहेत.

पहिली पावसाची. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चाकातील राळ ओलीचा द्वेष करते. दमट जागी पडलेल्या चाकाची पकड हळूहळू सैल होते, आणि डोळ्यांना मात्र ते नव्यासारखेच दिसते. याच कारणाने राळेच्या चाकांना मुदत घातलेली असते, बहुधा बनविल्यापासून तीन वर्षांची. ती चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष यांच्या अंकांत कोरलेली असते. औषधाच्या बाटलीवरील तारीख आपण वाचतो. चाकावरील तारीख वाचणारे थोडे.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्यानंतर अवघ्या पन्नास दिवसांनी गणेशचतुर्थी होती. चिखल उपसून झाल्यावर मोडलेली शटरे, वाकलेली फाटके, गंजू लागलेली कपाटे यांच्या दुरुस्तीचे काम जो तो मागत होता. त्या दिवसांत एका गाळ्यासमोर मी एक कारागीर पाहिला. चिखलातून काढलेली चाके धुऊन त्याने पोत्यावर उन्हात ओळीने मांडली होती, जणू सांडगे वाळत घातले होते. मी म्हणालो, "दादा, ही आता लावू नका. वाळली तरी ती गेलेलीच आहेत." तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, मशीन गेलं, वेल्डिंगचा सेट गेला. एवढंच राहिलंय. हे पण फेकू?"

श्रोतेहो, त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नव्हते. चाकाचा नियम मी जाणत होतो. त्याच्या घराचा नियम तो जाणत होता. पुढे विचार करता ध्यानात आले की मी त्यास उपदेश केला, परंतु ज्यांची कपाटे तो दुरुस्त करणार होता त्यांस कोणीच काही सांगितले नाही. एका चाकाची किंमत चहा आणि वडापाव यांच्याहून फार अधिक नसते. काम सांगतानाच "चाके नवी आणा, त्यांचे पैसे आम्ही निराळे देऊ" असे एका घराने म्हटले असते, तर ती पोत्यावरची चाके तेथेच राहिली असती.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात घाटाखालच्या गावांची वीज वारंवार जाते. पुष्कळ ग्राइंडरांचे बटण दाबून अडकविता येते, म्हणजे अंगठा काढला तरी यंत्र चालूच राहते. वीज गेली की यंत्र थांबते. कारागीर ते तसेच बाकावर ठेवून बिडी ओढावयास किंवा चहा घ्यावयास जातो. आणि वीज येते तेव्हा ते आपल्याआप सुरू होऊन बाकावरून उडी घेते. पुन्हा आपोआप सुरू न होण्याची सोय काही नव्या यंत्रांत असते. ज्यांत नाही, त्यांच्याकरिता एकच उपाय, वीज जाताच बटण सोडवावे व पिन काढावी. ओल्या अंगणात उघड्या वायरींनी जोडलेले यंत्र चालवू देऊ नये. गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण आज घरोघरी बसविता येते. ते नसलेल्या घरात पावसाळ्यात हे काम होऊ नये, हे बरे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. बिरवाडीच्या बाजूस महाडची औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे रसायनांचे कारखाने पुष्कळ आहेत. अशा वसाहतींच्या आसपास रिकामी लोखंडी पिंपे सहज मिळतात, आणि दोनशे लिटरचे पिंप मधोमध कापून गुरांच्या पाण्याची कुंडी किंवा पाण्याची टाकी करण्याचा मोह कोणालाही व्हावा. येथे एक उलटे वाटणारे सत्य ध्यानात ठेवावे: भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातक असते. भरलेल्या पिंपात वाफेस जागाच नसते. रिकाम्या पिंपाच्या तळाशी, शिवणीत, चार चमचे द्रव उरला तरी त्याची वाफ आतल्या हवेत मिसळून स्फोटक मिश्रण होऊ शकते. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे जळता लोखंडाचा कण. तो पत्र्याच्या आत शिरला की पिंपाचे झाकण तोफगोळ्यासारखे उडते. पिंप पाण्याने विसळले, उन्हात तापविले, वास येत नाही, या कशाचाही भरवसा धरू नये. असे पिंप घरी कापू नये, कोणाकडून कापून घेऊ नये, हाच एक नियम.

कारखान्यात यासाठी परवान्याची पद्धत असते. ठिणगी उडविणारे काम सुरू होण्यापूर्वी जबाबदार अधिकारी जागा पाहतो, हवेतील वाफ मोजली जाते, दहा-बारा मीटरांच्या आतील जळाऊ वस्तू हलविल्या जातात, आग विझविण्याचे साधन घेऊन एक मनुष्य उभा राहतो, आणि काम संपल्यावरही अर्धा तास, शक्य तर तासभर, तो तेथून हलत नाही. कारण ठिणगी भुशात, चिंध्यांत किंवा गवतात शिरून निवांत धुमसत राहते. घरी आपणांस परवाना लिहावयाचा नाही. पण पेंढ्याची गंजी, दुचाकीची टाकी, रंगाचे डबे, स्वयंपाकाचे सिलिंडर दूर आहेत ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. आणि काम संपल्यावर पाण्याची बादली भरून तासभर अंगणाकडे लक्ष ठेवणे यास तर काहीच मोल पडत नाही.

लोखंडाबरोबर दगडाचाही उल्लेख करावयास हवा. फरशी, ग्रॅनाइट, काँक्रीट कोरडे कापताना जी पांढरी धूळ उठते तीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात रुतून बसतात, आणि त्यांतून होणारा सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात अशी सिलिका थोडी असते, परंतु बाहेरून येणाऱ्या कित्येक दगडांत ती विपुल असते. कृत्रिम दगडात तर तिचे प्रमाण एवढे असे की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. ओट्याचा दगड घरात कोरडा कापू देऊ नये. दगड कापण्यासाठीच केलेल्या यंत्रावर, पाण्याची धार सोडून तो कापावा. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही.

एवढे करूनही अपघात झालाच तर काय करावे? डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये. गाळ्यांतून काडीच्या टोकाने किंवा रुमालाच्या कोपऱ्याने कण काढून देणारे 'हुशार' मित्र असतात; त्यांच्या हुशारीने डोळे जातात. लोखंडाचा कण बुबुळावर गंजाचे कडे सोडतो आणि ते डॉक्टरनेच काढावयाचे असते. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, हात वर उचलावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये, कारण गोठलेले बोट पुन्हा जोडता येत नाही. पोलादपूरहून मुंबई दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि तुटलेले बोट जोडणारे हात बहुधा मोठ्या शहरातच भेटतात. म्हणून ही एवढीशी माहिती त्या वाटेवर एका बोटाच्या मोलाची ठरते.

या बाबतीत कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, घासणीच्या प्रत्येक चाकाजवळ त्याच्या कमाल सुरक्षित गतीची सूचना लावावी, उडणाऱ्या कणांपासून कामगारांचे डोळे राखावेत, आणि ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, ती निर्धोक केल्यावाचून तिच्यावर उष्णतेने कापण्याचे काम करू नये, अशा तरतुदी होत्या. 'किंवा पूर्वी होता' हे शब्द पाहा. रिकाम्या पिंपाचा धोका त्या कायदेपंडितांनी नेमका ओळखला होता. परंतु दोन-तीन माणसांचा गाळा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही आणि आपले अंगण तर मुळीच बसत नाही. तेथे निरीक्षक येत नाही. तेथे कारागिरासमोर असतो तो फक्त काम सांगणारा गृहस्थ किंवा गृहिणी.

म्हणून माझी विनंती कारागिरापेक्षा आपणांस अधिक आहे. काम ठरविताना भाव विचारता, तसे "गार्ड आहे ना? चष्मा आहे ना? चाके कोणत्या तारखेची?" हेही विचारा. चष्मा नसेल तर एक विकत आणून घरात ठेवा. वर्षानुवर्षे तो उपयोगी पडेल. घरातील मुलांना त्या ठिणग्यांच्या तमाशापासून दूर बसवा. शिकंजा घेऊन येणाऱ्यास चार पैसे अधिक पडत असतील तर ते आनंदाने द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, "आजच पाहिजे" हे दोन शब्द तेवढे मागे घ्या.

फाटक चतुर्थीनंतर बसले म्हणून गणपती दाराबाहेर थांबत नाहीत. पण ज्या हातांनी ते फाटक घडविले, त्यांनाही त्या दिवशी आपल्या घरी आरतीचे तबक धरावयाचे असते. ते हात दहाही बोटांनिशी घरी जातील, एवढे आपण पाहू या.